दुसरी यादी

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, याची खात्री नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही कागदावर उतरलं ते सगळे अर्जच. रेशनकार्डात नाव घालण्याचा, वडिलांच्या रजेचा, माझ्या फी माफीचा. त्यापलीकडे माणसं कागदावर काय लिहितात, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मराठीच्या बाई म्हणाल्या, एखाद्या ऋतूवर लिही, मनात येईल तसं. मनात येईल तसं लिहायची मला सवय नाही. शिवाय ज्या ऋतूबद्दल लिहितोय तो खरं तर माझा नाही, माझ्या ताईचा आहे. तिचा नर्सिंगचा नंबर लागणार की नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो सगळा ऋतू टांगलेला होता. आणि मी तिला न विचारता हे लिहितोय.

जुलै आला की तळेगावला आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक लांब टेबल मांडतात. बारावी झालेल्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला आम्ही वरच्या वर्गातली मुलं तिथे बसतो. छत्र्यांचं पाणी फरशीवरून वाहत टेबलाखाली येतं. झेरॉक्स गरम असतात आणि दाखले ओले. एका प्लास्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी, आणि तिच्यात मार्कलिस्ट. आईबाप ती अशी हळू काढतात की आत काहीतरी झोपलेलं असावं. ओल्या कागदाचा तो वास मला सहन होत नाही. तरी मी दरवर्षी नाव देतो. टेबलावर बसलं की मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, हा मोबाईल नंबर कुणाचा? मुलं हसतात. त्यांना वाटतं, ही माझी लकब आहे.

आमचं गाव कामशेतवरून आत, डोंगराच्या कुशीत. लोणावळ्याला शनिवार-रविवारी जे ढग बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, तेच ढग आमच्या पत्र्यांवर येऊन बसतात आणि चार महिने उठत नाहीत. कपडे चुलीवर वाळवायचे, म्हणून शाळेत आमच्या अंगाला धुराचा वास. आमची वस्ती ओढ्यापलीकडे. पाऊस वाढला की साकवावरून पाणी जातं, आणि मग गाव आणि आम्ही एकमेकांना नुसते दिसतो.

तीन वर्षांपूर्वी, लावणीच्या आधी, गावात सरकारी नेट आलं. उन्हाळाभर रस्त्याच्या कडेने चर खणत खणत एक यंत्र आलं होतं, त्यामागे नारिंगी पाइप. उरलेल्या तुकड्यांच्या पोरांनी पिपाण्या केल्या, बायकांनी कोंबड्यांना पाणी प्यायच्या पन्हाळी केल्या. पंचायतीच्या खोलीत भिंतीवर एक पेटी बसली. तिच्यात हिरवे दिवे लुकलुकायचे. ते बघायला म्हातारी माणसं चपला बाहेर काढून आत जायची.

त्याच दिवसांत टीव्हीवर या विषयावर रोज भांडण असायचं. कामशेतच्या चहाच्या हॉटेलात मी ते पाहिलं होतं. एक जण म्हणायचा, खेड्यापाड्यात वायर टाकायला एवढे कोटी घालणं म्हणजे उधळपट्टी. दुसरा म्हणायचा, हीच उद्याची गुंतवणूक. दोघांचे शर्ट इस्त्रीचे होते. मला दुसरा आवडायचा. तो बोलायला लागला की माझा चहा गार व्हायचा.

ताई माझ्याहून एका वर्षाने मोठी. तिचं नाव सुषमा. त्या वर्षी ती बारावी झाली, वर्गात पहिली, आणि नर्सिंगची प्रवेश परीक्षाही तिने दिली. सरकारी कॉलेजात नंबर लागला तरच जाणार, नाहीतर नाही, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. फॉर्म भरायला ती आणि मी पंचायतीत गेलो. तिथे दत्ता होता, पंचायतीचा कंत्राटी ऑपरेटर. फॉर्म पुढे सरकायला मोबाईलवर आकडे यावे लागतात. बाबांचा फोन साधा, आणि त्याला आमच्या वस्तीत रेंज नाही. दत्ताच्या फोनला पंचायतीच्या पायरीवर रेंज यायची. "माझाच टाकतो," तो म्हणाला, "सगळ्यांचा तोच टाकलाय." खरंच होतं ते. अर्ध्या गावाची पेन्शन, पीकविमा, प्रवेश, सगळं दत्ताच्या खिशात यायचं. आम्हाला ती सोय वाटली. पासवर्डही त्यानेच एका वहीत लिहून ठेवला. ताईने जाताना त्याला दोनदा थँक्यू म्हटलं.

मग ती ग्रामसभा. शाळेच्या वर्गात भरली होती. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की साधं बोलणंही ओरडून करावं लागत होतं, आणि त्यामुळे आधीपासूनच सगळे चिडल्यासारखे दिसत होते. विषय होता नेटची पेटी, तिचं वीजबिल आणि दत्ताचा पगार पंचायतीने द्यावा की नाही.

उपसरपंच अण्णा उठले. "सरकारनं दिल्लीपास्नं आपल्या उंबऱ्यापत्तुर वायर आनली. आपली पोरं आता जगाच्या बरुबरीनं…"

"दिल्लीपास्नं आनली आन माज्या बांधातनं नेली," भाऊ मध्येच म्हणाले. भाऊ म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे जमीनवाले. आई त्यांच्याच शेतावर लावणीला जायची. "बांध फुटला त्याचं काय, अण्णा? दोन खाचरं कोरडी पडली."

"भरून देऊ की भाऊ."

"तुमी देनार! उपकेंद्राला नर्स न्हाई दोन वर्सं. पोराला ताप आला तर कामशेत गाठावं लागतं. पैसा घालायचा तर तितं घाला. नेट काय पोराच्या कपाळावर ठिवायचंय?"

लोक हसले. मला वाटलं, आता टीव्हीतल्या त्या दुसऱ्या माणसासारखं कुणीतरी बोलायला हवं. कुणी बोललं नाही, म्हणून मी उभा राहिलो. म्हणालो, "भाऊ, नेटमुळंच नर्स मिळंल. माझ्या ताईनं नर्सिंगचा फॉर्म भरलाय. आपल्याच पेटीवरून."

एवढंच बोललो. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं भाषण.

भाऊ वळले. "कंची ती? उभी ऱ्हा गं."

ताई बायकांच्या मागे बसली होती. ती उभी राहिली. ओढणी भिजून अंगाला चिकटली होती, ती तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"नंबर लागला का?"

"अजून यादी नाही लागली."

"मग ठरलं तर. हिचा नंबर लागला तर म्या भर सभंत म्हनंन, सरकारचा पैसा कामी आला. न्हाई लागला तर ती पेटी काढून अण्णाच्या गोठ्यात टांगायची. हाय का कबूल?"

"कबूल!" अण्णा ओरडले. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "लागंलच की. त्यांना कमी मार्कात लागतोय." यावर जे हसू आलं ते आधीच्या हसण्यासारखं मोठं नव्हतं. दबकं होतं, आणि बराच वेळ टिकलं. ताई वर्गात पहिली आली होती, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही. मला टाळ्यांचा आनंद झाला होता. ताई अजून उभीच होती; तिला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिल्लीतला वाद असा आमच्या गावात येऊन ताईच्या अंगावर बसला. त्या दिवसापासून ती कुणाची मुलगी, कुणाची बहीण राहिली नाही, वादाचा निकाल झाली. पिठाच्या गिरणीत, पाण्यावर, एसटीच्या थांब्यावर एकच प्रश्न. लागला का गं नंबर? अर्ध्या गावाला तो लागायला हवा होता आणि अर्ध्याला नको होता. तिला काय हवं होतं हे विचारणारं त्यात कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हतो.

लावणीचे दिवस होते. इंद्रायणी भाताचं रोप तयार झालं होतं. भाऊंच्या खाचरात आई आणि ताई दिवसभर वाकून असायच्या. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, पोटऱ्यांपर्यंत चिखल, पाण्यात सडून पांढरी झालेली बोटं. मी रोपाच्या पेंढ्या टाकायला जायचो. भाऊ बांधावर छत्री घेऊन उभे राहायचे.

"काय गं सुषमे, नेटवरनं रोप लावता येतं का बघ की. पाठ तरी वाचंल."

बायका हसायच्या. हसल्या नाहीत तर उद्या बोलावणं यायचं नाही. आईसुद्धा हसायची. ते मी पाहिलं आहे. खाली मान घालून, हातातलं रोप न थांबवता, आई त्या विनोदाला हसायची.

पहिली यादी लागली, तिच्यात ताईचं नाव नव्हतं. दुसरी आठवडाभराने लागणार होती. आम्ही रोज काम सुटल्यावर चिखलाच्या पायांनी पंचायतीच्या पायरीवर जाऊन उभे राहायचो. दत्ता आतून म्हणायचा, "अजून न्हाई." कधी म्हणायचा, "सर्व्हर बंद हाय." ताई खिडकीच्या गजांतून ती पेटी बघत राहायची.

एका संध्याकाळी साकवावर ती थांबली. म्हणाली, "आपण कामशेतला जाऊन बघू या का? कॅफेत. वहीतला पासवर्ड घेऊन."

याच ठिकाणी मला लिहिताना थांबावंसं वाटतं. पण लिहितो. मी म्हणालो, "वेडी आहेस का? भाऊंना कळलं तर? म्हणतील, गावचं नेट चालत नाही म्हणून पोरं कामशेतला गेली. अण्णांची काय लाज राहील?"

"आणि माझं?" ती म्हणाली.

"तुझंही त्यातच आहे."

मला खरंच तसं वाटत होतं. मी सतरा वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यात देश होता. ती पुढे काही बोलली नाही. ओढ्याचं पाणी लाल झालं होतं आणि त्याचा आवाज एवढा होता की ती बोलली असती तरी मला ऐकू आलं नसतं, असं मी स्वतःला कधीकधी सांगतो.

त्यानंतरच्या सोमवारी अण्णा स्वतः साकव ओलांडून आमच्या दारात आले. याआधी ते मतं मागायलासुद्धा दुसऱ्या कुणाला पाठवायचे. आईने घाईघाईने खुर्ची पुसली. ते बसले नाहीत.

"बुधवारी आमदारसाहेब येनारेत. कार्यक्रम हाय. सुषमाला पुढच्या रांगंत बसवा. जरा बरा ड्रेस घालून."

"कशापायी अण्णा?" आईने विचारलं.

"या तर खरं," ते म्हणाले आणि ताईकडे बघून हसले.

बुधवारी घाटात दरड आली. मुंबईहून येणारी साहेबांची गाडी खंडाळ्याच्या पलीकडेच अडकली आणि तिथूनच परत गेली. कार्यक्रम रविवारवर गेला. रविवारी आम्ही सगळे गेलो. ताईने दिवाळीचा निळा ड्रेस घातला होता, तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखू नये म्हणून साकवावर मी तिला पाठुंगळी घेतलं. ती लाजली, हसली. त्या मोसमात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं. मंडपात पुढच्या रांगेत आम्ही बसलो. ताटात शाली होत्या, नारळ होते. साहेब बोलले. विरोधक म्हणतात खर्च वाया गेला, पण गावोगावच्या लेकी आज काय काय करतायत, असं बोलले. एकेकाला बोलावून शाल दिली. दहावीतली मुलं, भजनी मंडळ, बचत गट. शेवटची शाल उरली. अण्णांनी ती थोडा वेळ हातात धरली. आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग चर खणणाऱ्या कंत्राटदाराला वर बोलावलं आणि त्याच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. ताईनेही वाजवल्या. आम्हाला कशाला बोलावलं होतं ते आम्हाला कळलं नाही. वाटलं, गर्दीला माणसं हवी असतील.

मंगळवारी दत्ता पायरीवरूनच म्हणाला, "न्हाई लागला." आमच्याकडे न बघता त्याने शटर ओढलं.

ती बातमी आमच्या आधी भाऊंच्या शेतावर पोचली होती. दुसऱ्या दिवशी ताई खाचरात उतरली तेव्हा ते बांधावर उभेच होते. "ह्या लोकांचाबी नंबर लागत न्हाई म्हंजी पोरगी किती हुशार असंल बघा," ते म्हणाले. "पैसा गेला वाया. म्या बोललो हुतो." या वेळी बायका हसल्या नाहीत. ते भाऊंना फार लागलं असावं, कारण ते पुन्हा म्हणाले, अधिक मोठ्याने, आणि मग त्या हसल्या. पेटी काही कुणी काढली नाही. तिचं बटण बंद केलं आणि वर खताची रिकामी पिशवी घातली. त्यावरही गावात आठवडाभर चर्चा झाली. ताईबद्दल कुणी बोललं नाही. तिचं काम संपलं होतं.

आणि मी. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "तुझ्यामुळं मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. एवढं उभं राहून बोललो होतो मी." ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. एवढंच म्हणाली, "चुकलंच माझं." दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षा दे, असं बाबा एकदा म्हणाले. ती म्हणाली, नको, नंबर लागण्याएवढी मी नाही. यावर घरात कुणी वाद घातला नाही. पुढच्या वर्षी मी बारावी झालो आणि कॉलेजात आलो, घरातला पहिला. तिच्या पगारातून माझा पास निघतो.

ताई आता लोणावळ्यात, तुंगार्लीच्या एका बंगल्यावर साफसफाईला असते. शनिवारी पाहुणे येतात. गालिच्यावर ओल्या चपलांनी फिरतात आणि तिला हाक मारतात, "मावशी, नेट स्लो आहे." ती एकवीस वर्षांची आहे. ती जाते, जिन्याखालच्या पेटीचं बटण बंद करते, दहा आकडे मोजते, चालू करते. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेलो तर तिने मला ते करून दाखवलं. "हे एवढंच असतं रे," ती म्हणाली, "आपण उगाच घाबरायचो."

यंदा राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गात वादविवाद ठेवला. ग्रामीण इंटरनेटवर सरकारने खर्च करावा की नाही. मुलांनी मोबाईलवर आकडे काढले, दोन्ही बाजूंनी चांगले बोलले. सर म्हणाले, तू खेड्यातला, तू बोल. मी उभा राहिलो. मला दोन्ही बाजू पाठ होत्या. एकाही बाजूने मला बोलता आलं नाही, आणि मी खाली बसलो. सरांना वाटलं, मी लाजाळू आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या टेबलापाशी दत्ता आला. जाड झालाय, खंडाळ्याच्या एका हॉटेलात काउंटरला असतो. धाकट्या बहिणीचा फॉर्म भरायला आला होता. मी सवयीने विचारलं, नंबर कुणाचा? तो माझ्याकडे बघत राहिला. मग बहिणीला म्हणाला, "तुझा सांग. तुझाच."

फॉर्म झाल्यावर त्याने बहिणीला झेरॉक्सला पाठवलं आणि मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथे पागोळ्या पडत होत्या. तो हळू बोलत होता, मला जवळ जावं लागलं.

"सुषमाचा नंबर लागलता," तो म्हणाला. "दुसऱ्या यादीत. सोमवारी सकाळी मेसेज आला माझ्या फोनवर. शुक्रवारी पाचच्या आत जाऊन हजर व्हायचं हुतं. मी पहिल्यांदा अण्णांना दाखवला. माझा पगार त्यांच्या हातात, रे. ते इतके खूश झाले, मला मिठीच मारली. म्हनले, कुनाला बोलू नको. साहेबांच्या हातनं सत्कार करू, तितंच जाहीर करू, भाऊचं तोंड एकदाचं बंद. बुधवारी कार्यक्रम हाय, गुरुवारी पोरगी जाईल. मग दरड आली. मी म्हनलो, अण्णा, शुक्रवार शेवटचा हाय. ते म्हनले, सरकारी मुदत कदी वाढली न्हाई असं झालंय का? वाढतीया."

"वाढली?"

"न्हाई."

मला वाटतं, मी पावसाकडे बघत होतो.

"आठ दिवसांनी मी त्या कॉलेजला फोन लावला," दत्ता म्हणाला. "म्हनलं, निदान तिच्या जागी कुना गरिबाच्या पोरीचं तरी भलं झालं आसंल. तेवढंच मनाला बरं वाटलं असतं. तितला क्लार्क म्हनला, ती शेवटची यादी हुती, तिच्यामागं कुनीच न्हवतं. जागा कुनालाच दिली न्हाई. वर्षभर मोकळीच ऱ्हाईल."